डोळा लागला

३ जून
आजपासून रुजू झाले. डोळ्यांचं रुग्णालय. मागच्या बाजूला मला दोन खोल्या; नळाला जोर आहे, खिडकीत ऊन. भूल देणारी म्हणून ही माझी पहिलीच स्वतंत्र नोकरी. सर्जनना सगळे साहेब म्हणतात, वयस्क परिचारिकेला आक्का. इथली एक पद्धत आवडली. रुग्णाला भूल चढली की आक्का विचारते, डोळा लागला? मी म्हणायचं, लागला. मग साहेब हत्यार उचलतात. डोळ्यांच्या दवाखान्यात हा विनोद शोभतो.

७ जून
स्नायू सैल करणारं एकच औषध कपाटात आहे, झटपट काम करणारं. अंग आधी थरथरतं, मग सैल पडतं. पण काही मिनिटं डोळ्यातला दाब चढतो. धड डोळ्याला चालून जातं. फुटलेल्या डोळ्याच्या आतलं मात्र बाहेर येतं. दाब न वाढवणारं दुसरं औषध मागितलं. भांडारवाला म्हणाला, आहे ते संपू द्या की बाई. साहेब म्हणाले, तुमचा दाब पुस्तकात, माझा बोटात. सगळे हसले. मीही, उगाच.

१२ जून
एक वेल्डर आला. बुबुळात लोखंडाची कपची. नुकताच जेवलेला, उलटी छातीत जायची भीती. श्वासाची नळी झटकन घालायला हवी, म्हणून तेच औषध द्यावं लागलं. ठरवलं, दाब उतरेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. आक्कानं विचारलं. मी गप्प. तरी 'लागला' ऐकू आलं. साहेबांनी कापलं. डोळा गेला.
मी बोललेच नव्हते, असं मी सांगितलं. आक्का म्हणाली, अगं तुझाच आवाज, आम्ही काय बहिरे आहोत?

१३ जून
वेल्डरच्या बायकोनं विचारलं, चूक कुणाची. साहेबांनी बोट माझ्याकडे केलं.

१८ जून
शाळकरी मुलगी, डोळ्यात पेन्सिल. औषध तेच. मास्कच्या आत ओठांवर चिकटपट्टी लावून उभी राहिले. आक्कानं विचारलं. उत्तर आलं. माझ्याच आवाजात, जरा कंटाळलेलं. मास्क काढून पट्टी दाखवली. साहेब म्हणाले, विश्रांती घ्या. मुलीचाही डोळा —

२१ जून
राजीनामा दिला. बदली डॉक्टर येईपर्यंत थांबा, साहेब म्हणाले. कोण येणार इथे. दुसरं औषध पुन्हा मागितलं. जुनं अजून संपलेलं नाही.

२४ जून
कुपी फोडताना काच उडाली. उजव्या डोळ्यात. एका डोळ्यानं लिहितेय, ओळी तिरक्या जाताहेत. नुकतीच जेवले होते. म्हणजे तेच औषध.
सुई साहेबच देणार. हात जोडले, दाब उतरू द्या. आक्का म्हणाली, काळजी कसली, तू म्हणशील तेव्हाच कापतील गं.

ट्रॉलीवर. अजून सुई नाही. झोप नाही. पडद्याआड आक्का विचारतेय — मी ओठ दाबून —
आतून माझा आवाज, ला