ओला बारदाना

हिवरखेड, ५ जानेवारी

लाडक्या वर्षूस,

तुला आणि किशोररावांना आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तूर सोंगायला आली. वांग्यांना भाव नाही, म्हणून रोज वांगीच खातो.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तुझे बाबा कान लावून बसतात, आणि मला जे सांगायचं ते बोलायला घेतलं की मी भलतंच काही बोलून फोन ठेवते.

आधी तुझ्या कोंबड्यांचं. मनालीच्या थंडीत त्यांचं पाणी गोठतं म्हणालीस, तेव्हा मी भांड्याला जुन्या पोत्याचा बारदाना गुंडाळ म्हटलं. गुंडाळूनही सकाळी बर्फच, हे ऐकल्यापासून बाबांना चैन पडेना. इथे उन्हाळ्यात कोंबड्यांचं पाणी थंड कसं ठेवायचं याचाच आपल्याला घोर; गोठलेलं पाणी कोणी पाहिलंय? त्यांनी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन वाट्या ठेवल्या, एकीला ओला बारदाना, दुसरीला कोरडा. सारखं दार उघडून बघत होते. माझे मटार बाहेर विसरले ते वेगळंच. ओल्या बारदान्याची वाटी आधी गोठली.

"पोरीनं बारदाना ओला केला असन," ते म्हणाले. "आपल्या इकडची सवयच हाये. माठाले गुंडाळतो तसा."

तसंच केलंस ना? चूक माझीही आहे, मी कोरडा असं म्हणालेच नाही. बारदाना म्हटला की तो भिजवायचाच, हे आपल्या हाडात आहे. आता घमेल्यात गवत कोंबून त्यात भांडं बसव, वरून कोरडा बारदाना गुंडाळ आणि सकाळी कोमट पाणी घाल.

त्या दिवशी ते हसत होते, म्हणून मला धीर आला. तू नको म्हणाली होतीस ते मी सांगून टाकलं. तुम्हाला मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याचं. राग आला तर माझ्यावर काढ, पण किती दिवस लपवायचं? लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही तुझ्या आजीची शिस्त ते पाळत आले. तुम्ही अकोल्याला राहत होता तेव्हा तुमच्याकडे येताना घरून बाटली भरून आणली होती. तू पुढे केलेला तांब्या तसाच राहिला, आणि तू आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसलीस. मी पाहिलं होतं. त्यानंतर तू त्यांना कधी 'या' म्हटलं नाहीस.

ऐकून ते उठले आणि आपल्या कोंबड्यांच्या भांड्यात पाणी ओतायला लागले, भांडं भरलेलं असताना. मग म्हणाले, "कोंबड्या तहानल्या राहू नाई म्हणून तिचा जीव खालीवर होते. अन् मी तिच्या दारातून तहानलेला आलो."

दुसऱ्या दिवशी स्वतः अकोल्याला जाऊन तिकिटं काढून आले. संक्रांत झाली की निघतो. बाटल्या किती भरायच्या विचारलं, तर म्हणतात, "गाडीपुरती एक भर. तिच्या घरापर्यंत पुरली नाई पाहिजे."

वर्षू, तू त्यांची वाट पाहणं सोडलं असशील. मी सोडलं नव्हतं.

दारात आले की कोंबड्यांच्या आधी त्यांना पाणी दे. कोमट दे, थंड पाण्याने त्यांचे दात ठणकतात.

तुझी आई
शकुन