दहावं माणूस

रविवार, ६ जून

प्रिय वहिनी,

तुला आणि दादाला नमस्कार, चिमणीला दोन्ही गालांवर पापा. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा नेहमीसारखा जिन्यापुरताच दुखतो.

आधी एक प्रश्न लिहून टाकते, कारण त्याचं उत्तर मला येत नाही. आई तुझ्याजवळ हसते तशी माझ्याजवळ का हसत नाही? परीक्षेत न येणारा प्रश्न सोडून पुढे जायची मला सवय आहे, पण हा मागेच लागलाय.

रोज फोनवर बोलतो आणि हिला पत्राचं काय सुचलं, असं तुला वाटेल. पण फोनवर आई स्पीकर लावून मधोमध बसलेली असते. चिमणीने ‘हूं’ म्हटलं तरी आई इकडे मला खूण करते, गप्प बस म्हणून. माझ्या वाट्याला शेवटी "जेवलीस का?" आणि "जेवले" एवढंच उरतं. जे लिहायचंय ते तेवढ्यात बसणारं नाही.

बरं, माझ्या नोकरीचं. तू विचारलं होतंस, बाईसाहेब लस केंद्रावर नक्की करतात काय. शाळेतच आहे केंद्र. मुलांचे बुटके बाक आहेत, त्यावर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसतात. फळ्यावर मागच्या वर्षीच्या मार्चची तारीख अजून तशीच आहे, कुणालाच पुसाविशी वाटत नाही. मला वाटलं होतं मी लोकांना समजावून सांगीन, शंका दूर करीन. त्यासाठी चित्रं काढून नेली होती, रंगीत. प्रत्यक्षात मी सकाळी फाटकावर ‘आज लस उपलब्ध नाही’ ही पाटी अडकवते आणि दिवसभर ‘नाही’ म्हणते. पहाटेपासून चपला रांगेत लावून बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायला पदवी कशाला लागते, हे मला अजून कळलेलं नाही. आता गल्लीत लोक मला बघून रस्ता बदलतात. इस्त्रीवाल्या काकू तर म्हणाल्या, "घरी दडवून ठेवली असेल फ्रीजमध्ये." आपल्याकडे फ्रीज नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे.

तर आईची पहिली लस. तुला त्यातली अर्धीच गोष्ट ठाऊक आहे.

महिनाभर मी तिच्या मागे लागले होते. चित्रं तिलाही दाखवली. ती सुई दोऱ्यात ओवत म्हणायची, "बरं बरं, मोठी डॉक्टरीणच तू." मग तू एका संध्याकाळी फोनवर म्हणालीस, "आई, तुम्ही दोन्ही घ्या आणि चिमणीला मांडीवर घ्यायला या." संपलं. दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतले कपडे घालून रांगेत. पुढच्या-मागच्या सगळ्यांना सांगून झालं, "सुनेनं सांगितलं म्हणून आले." वहिनी, टेबलाच्या या बाजूला मी बसले होते.

"नाव?" मी विचारलं.

"घ्या! आता नावही विसरलीस माझं?"

"विचारावं लागतं, आई. फोन नंबर सांग."

आणि तिने नंबर सांगितला, एका दमात, न अडखळता. तुझा. आमचा घरचा नाही, माझा नाही. माझा तिला पाठच नाही. तुझा नंबर पाठ करायला तिला कुणी सांगितलं होतं? आपोआप झाला म्हणे.

मी तो नंबर ऐकला आणि माझा टाइप केला.

हे अर्धं तुला माहीत नव्हतं. त्या वेळी मला वाटलं, बरोबरच केलं, मी केंद्रावर असते, निरोप माझ्याकडे आलेला सोयीचा. मन स्वतःला समजवायला किती हुशार असतं! खरं एवढंच की मला राग आला होता, आणि समोर कळफलक होता.

मग दुसऱ्या लसीची तारीख पुढे गेली, पुन्हा गेली. आई म्हणाली, "माझ्या लग्नाची तारीखसुद्धा इतक्यांदा बदलली नव्हती." तुला सांगितलं आणि तुम्ही दोघी पाच मिनिटं हसत होतात. आधी तिने तो विनोद मला सांगितला होता, तेव्हा मी तिला दोन लसींमधलं अंतर का वाढवलं ते समजावत बसले. नुसतं हसायचं होतं, हे आता कळतं.

मे संपता संपता निरोप आला, आईची दुसरी लस देय आहे म्हणून. माझ्या फोनवर आला. मी आईला सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा म्हणाले, "स्टॉकच नाही गं." खोटं नव्हतं. स्टॉक नव्हताच. पण ते म्हणताना मला जे वाटलं ते सुटल्यासारखं होतं, आणि तेव्हा मी स्वतःला दचकून पाहिलं.

कारण दुसरी लस झाली की आई तुझ्याकडे येणार. तिने कपडे शिवायला घेतलेत चिमणीसाठी. आधी पाळण्यातल्या मापाचे झाले, मग रांगायच्या मापाचे. परवा पाहिलं तर दोन वर्षांच्या मुलीच्या मापाचा फ्रॉक मशीनवर. चिमणी आत्ता आठ महिन्यांची आहे. मी विचारलं, "एवढा मोठा कशाला?" म्हणाली, "वाढेल की." म्हणजे चिमणी वाढेपर्यंत आई तिकडेच राहणार, असा हिशोब मी केला. चुकत असेन. तिला विचारायचं धाडस झालं नाही.

तू या घरात आलीस तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. तुम्ही दोघी मशीनला चिकटून बसायच्यात, ती कापायची, तू टाके घालायचीस, आणि काय बोलायच्यात कोण जाणे, पण मधेच आई कात्री खाली ठेवून पोट धरून हसायची. मी उठून आले की म्हणायची, "तू कशाला उठलीस? जा, अभ्यास कर." एकदा मी हट्टाने बसले, तर सुई बोटात घुसली, आणि तिने मशीनच झाकून ठेवलं. "हे हात वहीसाठी आहेत," म्हणाली. बाबा गेल्यावर तिने त्या मशीनच्या जोरावर मला शिकवलं हे मला कळतं, वहिनी. घरात पहिली पदवी माझी, भिंतीवर फ्रेम आहे, आलेल्या प्रत्येकाला ती दाखवते. पण फ्रेम भिंतीवर असते आणि तू तिच्या शेजारी असायचीस.

आता गुरुवारचं सांगते. त्यासाठीच हे पत्र.

गुरुवारी दुपारी अचानक गाडी आली. बर्फाच्या लाद्या घातलेली निळी पेटी आणि त्यात मोजक्या कुप्या, फक्त दुसऱ्या लसीसाठी. एका कुपीत दहा जणांची लस असते. उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची, म्हणून दहा माणसं समोर बसल्याशिवाय सिस्टर कुपी उघडत नाहीत. आणि संध्याकाळी पेटी पुढच्या केंद्रावर जाणार होती. मी भराभर फोन लावले. ज्यांची ज्यांची तारीख झाली होती त्या सगळ्यांना. एक सोडून.

शेवटच्या कुपीपाशी नऊ जण झाले. पेटीवाला ड्रायव्हर दारात किल्ल्या वाजवत उभा. सिस्टर म्हणाल्या, "दहावं माणूस आहे का? नाहीतर ही बंदच परत जाईल."

नवांमध्ये रेडिओकाका होते. छातीच्या खिशात सतत छोटा रेडिओ लावलेले म्हातारे, मी तुला सांगितलं होतं बघ. ते तिसऱ्यांदा आले होते. दोन्ही वेळा मीच त्यांना परत पाठवलं होतं, आणि दोन्ही वेळा ते मलाच "दमलीस गं पोरी" म्हणून गेले होते. त्यांनी रेडिओ बंद केला. 

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "अगं, तुझ्या आईची तारीख झाली ना? घर तर इथे मागेच."

मी म्हणाले, "आई झोपली असेल."

रेडिओकाका म्हणाले, "झोपलीय तर उठव की! आम्ही नऊ जण इथे जागे बसलोय."

सगळे हसले. वहिनी, मी पण हसले, आणि तोंडचं पाणी पळालं. मी तोपर्यंत असं समजत होते की हे माझ्या आणि तुझ्यामधलं आहे, फार तर आईमधलं. ते नऊ जण त्या बुटक्या बाकांवर गुडघे आखडून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्यातल्या कुणाच्याही मनात मी अशी असेन असं नव्हतं. मी चित्रं रंगवली होती ती ह्यांच्यासाठी.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला आईने उचलला. झोपबीप काही नाही.

ती धावतच आली. गळ्यात मोजायची टेप तशीच, खांद्यावर लाल दोरा, एका पायात तिची चप्पल आणि एका पायात माझी. नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या. आई इतकी लाजली की मास्कच्या वर कान लाल दिसत होते. सिस्टरनी कुपी उघडली.

मी नोंद करताना ती हळूच म्हणाली, "फोन उशाशी घेऊन बसले होते गं आठवडाभर. आधीच का नाही केलास?"

"गर्दी होती," मी म्हणाले.

ती "हं" म्हणाली. तिचं ते "हं" तुला माहीत आहे. कापड आखूड पडलंय हे गिऱ्हाइकाला न सांगता तिला कळतं तेव्हा ती तसं म्हणते.

लस झाल्यावर अर्धा तास बसवतात. ती रेडिओकाकांच्या शेजारी बसली, मधे एक बाक सोडून. त्यांना सांगत होती, "माझी मुलगी. पदवीधर आहे. हिच्यामुळे मिळतंय सगळ्यांना." काका मान डोलावत होते. मी मागे उभी राहून ऐकलं. असं कौतुक ऐकण्यापेक्षा पाटी अडकवलेली बरी, असं वाटलं.

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आता मला जाता येईल!" आणि हसली. तशीच. पोट धरून नाही, पण तेच हसू, आणि ते माझ्याकडे बघून होतं. हसण्याचं कारण तू होतीस, तरी.

घरी येताना चपला बदलून घेतल्या. तेव्हा ती म्हणाली, "सुनेला सांगायचं नाही हं. दारातच उभी राहीन एकदम." त्यामुळे परवा तू विचारलंस तेव्हा आईच तुला म्हणाली, "कुठलं गं, अजून स्टॉकच नाही," आणि मला डोळा मारला. माझंच वाक्य. तिला ते माझ्यापेक्षा छान म्हणता आलं.

म्हणजे आता तिची गंमत मी बिघडवतेय. तू दारात मस्त दचक, तिला कळू देऊ नकोस. पण तुला आधी माहीत असायला हवं, कारण जिन्याने ती थांबत थांबत चढेल, तर दादाला खाली पाठव. गुडघ्याचं तेल तिच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते. रात्री दोनदा उठते, दिवा चालू राहू दे. हे तुला ठाऊकच असेल. तरी लिहिलं.

नोंदीतला नंबर मी बदलून घेतलाय. तिचं प्रमाणपत्र आता तुझ्या फोनवर येईल.

अजून जळते मी तुझ्यावर. गुरुवारनंतर कमी झालं असं लिहावंसं वाटत होतं, पण काल तुम्ही फोनवर बटणांवरून काहीतरी हसलात आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. हे तुला सांगितलं म्हणून जाईल असं नाही. पण तुला न सांगता तुझ्या दारात आईला पाठवणं मला जमेना.

केंद्रावरच्या डॉक्टर म्हणाल्या दोन आठवडे थांबा, म्हणून वीस तारखेच्या, रविवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. खिडकीची जागा मिळाली. तिकीटखिडकीवरच्या माणसाने विचारलं, "परतीचं?" आईने मला "महिन्याभराचं बघ" म्हणून सांगितलं होतं.  मागचे लोक खाकरायला लागले.

परतीचं मी काढलेलं नाही. ते तू आणि ती मिळून ठरवा. फ्रॉक मोठा झाला तरी चालेल.

तुझी,
टेबलाच्या या बाजूची,
नणंद