चाळीस रुपाल्या

२ फेब्रुवारी, भिवंडी
नोकरी सोडायचं पक्कं. ऑनलाईन कंपनीच्या गोदामात रिटर्न आलेला माल तपासायचं काम सातवी पासवाल्याचं. मी आठवी नापास, म्हणजे आठवीपर्यंत गेल्तो. आता राहात्याच्या आमच्या कारखान्यातल्या पत्र्याच्या पेट्या ऑनलाईन विकणार. कारखाना म्हणजे अब्बा पत्रा वाकवतात, रतनबाई कड्या ठोकते, गोरक्ष रंग देऊन नवरीचं नाव काढतो. दिवाळीपर्यंत वीस कामगार.

५ फेब्रुवारी
फोटो टाकला. मोबाईलमध्ये एकच होता, कुणाच्या तरी रुखवतातल्या पेटीचा. वर ठळक 'चि. सौ. कां. रुपाली'. गोरक्षचं अक्षर झकास.

१९ फेब्रुवारी
चाळीस ऑर्डरी! अब्बांनी फोनवर विचारलं, नावं कोणकोणती टाकायची. म्हणालो, फोटोत हाय तसंच. जरा फरक पडला की माल परत येतो, मी रोज बघतो. अब्बा म्हणाले, सगळ्यांच्या पोरी रुपालीच का रे? म्हणालो, ऑनलाईनचं तुम्हाला न्हाई कळायचं. त्यांनी माझ्या शब्दावर गावातल्या लग्नांची कामं परत केली.
राजीनामा लिहून खिशात ठेवला.

६ मार्च
पेट्या परत येतायत, त्याबी आमच्याच गोदामात. नागपूरच्या एका बाईनं लिहिलंय, ही रुपाली कोण ते नवरा सांगत न्हाई. गिऱ्हाइकाला धंद्यातलं काय कळतं. चाळीस गेल्या, छत्तीस आल्या. म्हणजे चार टिकल्या. सुरुवात वाईट न्हाई.

११ मार्च
रतनबाईला घरी बसवलं. म्हणाली म्हणे, पोरगं मालक झालं अन् मी रिकामी. अब्बांना म्हणालो, नाव खरवडा, नवा रंग मारा, विका. म्हणाले, वाटेत चेपल्यात. रंगानं पोचा भरत न्हाई. लग्नवाले आता प्लॅस्टिकच्या पेट्या मागवतात. त्या आमच्याच गोदामातून जातात. चेपत न्हाईत, हे मात्र खरं.

२४ मार्च
अब्बांनी विचारलं, गोरक्षला तुझ्याकडं चिकटवतोस का. चिकटवला. धंदा उठला की परत नेऊ. राजीनामा धुण्यात गेला. नवा लिहीन.

१ एप्रिल
गोरक्षचा पहिला दिवस. सायबानं अक्षर बघून त्याला टेबलावर बसवलं, मला उचलायला लावलं. दुपारी एक पेटी आली. चारातली. गोरक्षनं नावावरून बोट फिरवलं. म्हणाला, वेलांटी काढताना त्या दिवशी हात हालला हुता. मग विचारलं, रिटर्नचं लेबल कुठं लावायचं. मी दाखवलं. त्यानं नावावरच लावलं.
अजून तीन टिकल्यात.