खाटेकडे वळवलेली खुर्ची

मांजर्ली, बदलापूर. डिसेंबर १९५६, मंगळवार.

खुर्ची अजून माझ्या खाटेकडे तोंड करूनच आहे. आईने हलवली नाही, मीही नाही.

अणुसंशोधनाच्या सरकारी जागेसाठी अर्ज केलाय, तेव्हा घरी चौकशी होणार हे मला ठाऊक होतं. गुपित राखणारी माणसं हवीत त्यांना. आईला सांगायचं राहिलं. दुपारी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत असताना एक गृहस्थ आले, माझा स्वभाव, मैत्रिणी विचारू लागले. तिला वाटलं, मुलाकडचे. पोहे केले, माझ्या स्वयंपाकाचं कौतुकही केलं. ऐकून मला हसू आलं.

"आणखी काय विचारलं?"

"काही नाही. खुर्ची वळवून तुझ्या खाटेकडे बघत बसले. म्हणाले, मुलगी झोपेत बोलते."

"बोलते का, असं विचारलं?"

"नाही गं, बोलते म्हणाले. मी साफ नाही म्हटलं. चांगलं स्थळ कशाला घालवायचं?"

बोलते मी. पण घरात आम्ही दोघीच. मग हे बाहेर कसं गेलं? ती खुर्ची फिरवायला हवी. उठवत नाही.

आज तुझ्याजवळ झोपते, म्हटलं.

"झोप," आई म्हणाली. "पण ते प्रयोगाचे आकडे पुटपुटू नकोस. त्यांनी सगळे ओळीने म्हणून दाखवले."