सासरेबुवांचं विमान

३ मार्च
आजपासून पुन्हा मॉडेल. शाळेत असली विमानं मी डोळे मिटून जोडायचो. हे मात्र खास. सासरेबुवा विमानांचे मेकॅनिक, जन्मभर ज्या विमानाची देखभाल केली तेच त्यांना पंचाहत्तरीला भेट! लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या तोंडून माझ्यासाठी एक साधं ‘वा’ निघालेलं नाही. आता निघेल.

५ मार्च
सूचनांचा कागद फेकून दिला. अनुभवी माणसाला काय करायचाय?

६ मार्च
कागद कचऱ्यातून काढला. वाळत घातलाय.

१० मार्च
डावा पंख जरासा खाली. काचेवर ग्लूचा अंगठा. काही बिघडत नाही, वेदरिंगमध्ये झाकलं जाईल. वेदरिंग म्हणजे नवंकोरं मॉडेल वापरून मळल्यासारखं रंगवायचं. धूर, गंज, तेलाचे ओघळ. खरी कला तीच.

१४ मार्च
रंग ओघळला. वेदरिंग. एक चाक मोडलं. वेदरिंग.

१८ मार्च, ऑफिसला दांडी
इंजिनाखाली तेलाचे ओघळ काढले. काय उतरलेत! हात थांबेना. बायको म्हणाली, बाबांना दाखवायच्या आधी जरा विचार करा. म्हटलं, ज्याचं आयुष्य विमानात गेलं त्याला बरोबर कळेल. तिने कपाळाला हात लावला. कलेच्या बाबतीत आमचं कधी जमलंच नाही.

२१ मार्च, पंचाहत्तरी
सासरेबुवा विमान घेऊन खिडकीशी गेले. चष्मा पुसून पुन्हा लावला. गहिवरले असावेत. मग विचारलं, हे तेल कधीपासून गळतंय? मी नम्रपणे म्हटलं, अठरा तारखेपासून.
म्हणाले, माझ्या हाताखालून असलं घाणेरडं विमान एकदाही उडालेलं नाही, काय समजता काय मला? मी कला समजावून सांगेपर्यंत ते बाह्या सरसावून बेसिनपाशी. साबण, जुना टूथब्रश. धूर गेला, गंज गेला, ओघळ गेले. खालून माझं काम तेवढं वर आलं. सगळे नातेवाईक बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२३ मार्च
बायको माहेरी जाऊन आली. सासरेबुवांनी पंख सरळ केला, चाक बसवलं, आता काच घासतायत. जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत. रिटायर झाल्यापासून बाबांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं, म्हणाली.
मी सहज विचारलं, माझ्याबद्दल काही?
म्हणाली, हो, विचारत होते, जावईबापूंकडे आणखी बिघडलेली विमानं आहेत का.
म्हटलं, सांग त्यांना, करून देतो.