घडी घातलेली चिठ्ठी

अदिस अबाबा,
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय लामाराना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर पडू देत. अकरा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या बाईचं तेवढं स्वागत व्हायलाच हवं. फोन केला असता, पण तुझ्या भाचीने, डालांदाने, मागच्या महिन्यात मला कुठूनसं शोधून काढलं आणि कळवलं की तुला आता फोनवरचं काहीच ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघत बसतोस आणि तो अर्ध्या वाक्यावर आला की स्वतःशीच फ्रेंचमध्ये पुटपुटायला लागतोस, असं तिने लिहिलंय. "मामाचं डोकं तर फिरलं नाही ना?" असं विचारत होती बिचारी. मी कळवलं, डोकं ठिकाणावर आहे गं, तीस वर्षं दुभाष्याचं काम केलेल्या तोंडाला गप्प बसता येत नाही, इतकंच. मग स्वयंपाकघरात जाऊन भरपूर रडले. तुझ्यासारखे कान मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. मला तुला भेटायचंय, लामाराना. हे आधीच लिहून टाकते, कारण मला माझी खोड ठाऊक आहे. मुद्दा सोडून मी गावभर हिंडून येईन.

इथलं सांगायचं तर आपलं शहर तू ओळखणार नाहीस. आपण जिथे शिरोचं कालवण खायचो ती खानावळ रस्ता रुंद करताना गेली. तिची मालकीण अजून भेटते बाजारात, आणि दर वेळी विचारते, "तुमचा तो गिनीचा पाहुणा कुठंय? कॉफीचा तिसरा पेला न घेता उठायचा तो?" तिसऱ्या पेल्यात आशीर्वाद असतो, तो सोडून जाऊ नये, असं तिने तुला किती वेळा बजावलं! तू म्हणायचास, तुमच्या आशीर्वादाची वाट बघत बसलो तर सभा सुरू होईल. मी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी मला एक घड्याळ आणि खूप टाळ्या मिळाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपल्या वेळचं कुणीच नव्हतं.

आफ्रिकी संघाच्या त्या मोठ्या सभागृहाच्या माथ्यावरची आपली दुभाष्यांची काचेची केबिन मला अजून स्वप्नात दिसते. अर्धा तास तू बोलायचास, अर्धा तास मी. एक बोलत असला की दुसऱ्याने भाषणातले आकडे आणि नावं चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायची, कारण बोलणाऱ्याला सगळं आठवायला सवड नसते. तुझे आकडे शाळेतल्या हुशार मुलासारखे गोल गोल असायचे. मी ते न बघताच वाचायचे, म्हणजे डोळे वाचायचे आणि तोंड बोलायचं, मी स्वतः मध्ये नसायचेच. आणि दिवसभर दुसऱ्याचं 'मी' तोंडात. "मी सीमा पुसून टाकीन." "मी माझ्या तरुणांना काम देईन." संध्याकाळी घरी आल्यावर आई विचारायची, "काय खाशील?" तर स्वतःचं 'मी' सापडायला मला थोडा वेळ लागायचा.

आफ्रिकेच्या पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा तयार होत होता, तो काळ आठवतो? एक पासपोर्ट, राजधान्यांना जोडणारी वेगवान रेल्वे, एकमेकांकडे जायला व्हिसा नको, आणि हे सगळं २०६३ पर्यंत. मी चेष्टा करायचे आणि तू खरंच विश्वास ठेवायचास. तुझे वडील गुरं घेऊन तीन देश पायी फिरले आणि कुणी त्यांना कागद विचारला नाही, तुला मात्र विमानाने यायला चार शिक्के लागतात, हे तू इतक्या वेळा सांगितलंस की मला तोंडपाठ झालं. मी म्हणायचे, २०६३ साली तू एकशे पाच वर्षांचा होशील, एक पासपोर्ट घेऊन जाणार कुठे, न्हाणीघरात? त्यावर तू म्हणालास, "माझी काळजी करू नकोस. तुमच्या इथिओपियाच्या कॅलेंडरात ते साल आणखी सात वर्षं उशिरा उगवेल. तुझी काळजी कर." त्या दिवशी मी इतकी हसले की मायक्रोफोन बंद आहे ना, ते तू दोनदा तपासलंस.

माझे वडील दिरे दावाला फ्रेंचांनी बांधलेल्या रेल्वेत होते, म्हणून मला फ्रेंच आलं, हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते हे, की लहानपणी मी फलाटावर उभी राहून जिबूतीच्या गाडीकडे बघायचे आणि ठरवायचे, ही गाडी जिथे थांबेल त्याच्याही पुढे जाईन. तू राजधान्या जोडणाऱ्या रेल्वेवर बोलायला लागलास की मी चेष्टा करायचे, कारण न केली असती तर डोळे भरून आले असते. तुझ्यापेक्षा माझा विश्वास जास्त होता. फक्त मला तो तोंडाने कबूल करायचा नव्हता.

आता त्या दिवसाबद्दल. टाळून चालणार नाही. रेल्वेवरच बोलत होते ते मंत्री, आणि मी त्यांचं 'मी' होऊन फ्रेंचमध्ये सांगत होते की इतके हजार किलोमीटर, इतके अब्ज, आणि त्याच दमात मी म्हणाले, "जूनमध्ये माझ्याबरोबर माझ्या गावी, लाबेला चल. घर मोठं आहे आणि मी एकटा आहे." सगळ्या फ्रेंच ऐकणाऱ्यांनी माना वर केल्या. मागच्या रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग हशा झाला, आणि मंत्र्यांना वाटलं, आपल्या रेल्वेला हसतायत. ते तणतणत बाहेर गेले. संध्याकाळी रझाफीबाईंनी, आपल्या प्रमुखांनी, दोघांना समोर उभं केलं आणि विचारलं, "हे शब्द आले कुठून?" मी म्हणाले, "चिठ्ठी लामारानाची होती." तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "हो, माझीच चूक. आकड्यांच्या चिठ्ठ्यांत मिसळली."

ती मिसळली नव्हती, लामाराना. तुला माहीत होतं, आणि मलाही. आकड्यांच्या चिठ्ठ्या उघड्या असतात. ही घडी घातलेली होती आणि तू ती माझ्या पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली होतीस, सभा संपल्यावर वाचण्यासाठी. माझा अर्धा तास संपायला सहा मिनिटं होती आणि मला धीर निघाला नाही. बोलता बोलता मीच एका हाताने ती उघडली. डोळ्यांनी वाचली आणि तोंडाने सवयीप्रमाणे बोलून टाकली. रझाफीबाईंना हे सांगितलं असतं तर मलाही त्यांनी विचारलं असतं, घडी का उघडलीस? आणि त्याचं उत्तर त्या सगळ्यांसमोर द्यायची माझी हिंमत नव्हती. माझी नोकरी कायमची होती, तुझी कराराची. तुला पुन्हा बोलावलं नाही. चार दिवसांनी तू गेलास आणि मी विमानतळावरही आले नाही.

तुझं पत्र आलं होतं. चारच ओळींचं, त्यात एकही बोल लावणारा शब्द नव्हता. उत्तर न द्यायला मी आईचं कारण धरून बसले. ती अंथरुणाला खिळलेली होती, हे खरं, पण अंथरुणाशेजारी बसूनही माणसाला पत्र लिहिता येतं. २०२० पर्यंत बंदुका शांत होतील, हे वाक्य माझ्या तोंडून सभागृहात कितीदा गेलं असेल. त्याच वर्षी आमच्या उत्तरेत लढाई पेटली. माझा भाचा परत आला तो कुबडी घेऊन. त्या रात्री मला कुणाशी बोलायचं होतं, ते फक्त तुझ्याशी. आई गेल्या वर्षी गेली. जाताना शुद्धीत होती. म्हणाली, "तू माझ्यामुळे थांबलीस असं लोकांना सांगू नकोस हं. मी तुला कधी अडवलं नव्हतं." बघ, तिलाही माहीत होतं.

गेल्या मंगळवारी मी तुझ्या देशाच्या वकिलातीत गेले. खिडकीवरचा तरुण तुमच्या लाबेच्या डोंगरातलाच निघाला, मला मावशी म्हणाला. किती दिवस राहणार, असं त्याने विचारलं, तर मी म्हणाले, परतीची तारीख लिहायलाच हवी का? तो हसला. म्हणाला, "मावशी, महिनाभरासाठी काहीच अडचण नाही. पण जास्त राहायचं तर ज्यांच्या घरी राहणार त्यांचं पत्र लागेल, तिथल्या कचेरीचा शिक्का मारलेलं, आणि त्यात नातं लिहिलेलं हवं. ते तुमचे कोण?" मी म्हणाले, सहकारी. "सहकाऱ्याकडे इतके दिवस कुणी राहतं का, मावशी? आणि रकाना कोरा ठेवता येत नाही." मी अर्ज घेऊन बाहेर आले आणि पायरीवर बसले. मला इतकं हसू आलं आणि इतका राग आला! आपण ज्या आफ्रिकेला आवाज दिला ती आज असती, तर मी एक पिशवी घेऊन तुझ्या दारात उभी राहिले असते, सहज आले म्हणाले असते, आणि जे सांगायचं ते याही वेळी न सांगता चार दिवसांनी परत फिरले असते. सीमा आहे म्हणून मला विचारावं लागतंय. तर विचारते. माझ्यासाठी ते पत्र लिही, डालांदाला कचेरीत पाठवून शिक्का मारून घे, आणि नात्याच्या रकान्यात तुझ्या हाताने 'होणारी बायको' असं लिही. मी चौसष्ट वर्षांची आहे आणि हे लिहिताना मला जराही लाज वाटत नाही. तुला तसं लिहावंसं वाटलं नाही, तर दुसरं काही लिहून माझी सोय करू नकोस. माझी टपालपेटी मुख्य पोस्टात तीच आहे, जुन्याच क्रमांकाची. हे पत्र अजून पाकिटातही गेलेलं नाही, तरी कालपासून दोनदा जाऊन ती उघडून आले.

तुझीच, मी उशीर केला तरी तुझीच,
येशीमेबेत