हातभर मागे

दि. ११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

डावरा गेला. बातम्यांतून तुला कळलंच असेल, पण मी लिहिल्याशिवाय तुला ते खरं वाटणार नाही, म्हणून लिहितोय. सकाळी न्हाव्याकडे गेलो तर तो वस्तरा धरून नुसता उभा. दुकानात सहा जण बसलेले, पण एकाचीही दाढी झाली नाही.

काल जुन्या मैदानावर शोकसभा झाली. शोकसभा कसली, भांडणच. पेनल्टी मारताना डावरा चेंडू ठिपक्यावर न ठेवता हातभर मागे का ठेवायचा, यावरून जुंपली. पोस्टमास्तर म्हणाले, निव्वळ गर्व. न्हावी म्हणाला, आईला काहीतरी शब्द दिला असणार. म्हातारे पंच म्हणाले की ते त्याला दर वेळी हटकायचे, पण गडी चेंडू पुढे ढकलत नाही, मागेच नेतोय, म्हणून सोडून द्यायचे. एवढं भांडून शेवटी सगळे रडले. मीही रडलो.

आता खरी बातमी. ज्या अंतिम सामन्यातल्या पेनल्टीनं त्याचं नाव झालं, ती जिथून मारली तिथे दगडी पाटी बसवायची आहे. मैदानावर आता लोक फिरायला येतात, रेघा कधीच गेल्या, गोलचे खांब तेवढे उभे आहेत. फक्कीच्या रेघा आयुष्यभर मीच आखल्या, तेव्हा जागा मीच दाखवायची. क्लबचे सेक्रेटरी जमीनमोजणीतून निवृत्त झालेले, ते रविवारी टेप लावून न्हाव्याच्या दुकानातल्या त्या पेनल्टीच्या फोटोशी ताडून बघणार आहेत. सामन्याच्या दिवशी मी तापानं फणफणलो होतो आणि आखणी तू केली होतीस, हे मी रविवारच्या भाषणात सांगणार. नको म्हणू नकोस.

शिवणाच्या रगाड्यात जेवायला विसरत जाऊ नकोस, आणि मलाही.

तुझा,
दादा

दि. १४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

भाषणात माझं नाव घेऊ नकोस. आणि तुझ्या हातात असेल तर ती मोजणी होऊ देऊ नकोस. का, ते पस्तीस वर्षांनी सांगतेय. रागावलास तरी पत्र पुरतं वाच.

त्या सकाळी तुझी मोजायची दोरी घेतली तर तिच्या टोकाचे धागे सुटून झुपका झालेला. माझा स्वभाव तुला माहीत आहे, सुटलेला धागा दिसला की हात शिवशिवतात. टोकाचा हातभर तुकडा कापला आणि छान गाठ मारली. गोलपासून पेनल्टीपर्यंतच्या बारा वारांची खूण त्याच टोकापासून मोजलेली आहे, हे डोक्यातच आलं नाही. बाकी रेघांचे जुने माग दिसत होते, त्यांवर फक्की ओतत गेले. पेनल्टीचा ठिपका मात्र चिखलात पार पुसला होता, तेवढा दोरीनं मोजला.

घरी आल्यावर मशीनखाली तो तुकडा दिसला, तेव्हा चूक ध्यानात आली. तोवर लोक डावऱ्याला खांद्यावर घेऊन नाचत होते. पुढच्याच आठवड्यात तू नवी दोरी आणलीस आणि मी गप्प बसले. तो फोटो नीट पाहायचा धीर मला आजवर झालेला नाही. दादा, सामना त्या एकाच गोलवर जिंकला, आणि तो गोल माझ्यामुळे हातभर जवळून झाला. उद्या टेप लागली की लोक त्याला लबाड म्हणतील, आणि तो बाजू मांडायलाही उरलेला नाही.

तू मला त्याच्यावरून किती चिडवायचास! आखणी संपताना तो सरावाला आला होता. माझे पांढरे हात पाहून त्यानं विचारलं, दादाला बरं नाही का. मी उत्तर न देता पळाले. आयुष्यभरात आमचं बोलणं ते एवढंच.

क्षमा करवली तर कर, पण पत्र पाठवच.

तुझी,
धाकटी

दि. १८ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. तसाच उठून न्हाव्याकडे गेलो, फोटो खाली उतरवला आणि भिंग लावून पाहिला. चेंडू ठिपक्यावर नाहीच. ठिपका पुढे, चेंडू हातभर मागे, गवतावर, म्हणजे खऱ्या बारा वारांवर. पस्तीस वर्षं मी त्या फोटोखाली गालाला साबण लावून घेतोय आणि ती त्याची लकब समजतोय.

मग घरी माझी कात्रणांची वही काढली. त्या सामन्याआधीच्या प्रत्येक फोटोत चेंडू बरोबर ठिपक्यावर आहे. त्या दिवसापासून मात्र दर वेळी मागे, परक्या मैदानांवरसुद्धा, अगदी शेवटच्या सामन्यापर्यंत. रोज सकाळी त्याच जागेवरून शंभर चेंडू मारणाऱ्याच्या पायाला फरक कळला नसेल? तुझे पांढरे हातही त्यानं पाहिले होते. बोलला असता तर माझी नोकरी गेली असती. एकदाच मागे ठेवला असता तर लोकांनी कारण खोदून काढलं असतं. म्हणून त्यानं त्याची सवयच करून टाकली. हे मी मनानं जुळवलंय, विचारायला तो नाही. पण मला दुसरं काही पटत नाही.

काल मोजणी झाली. सेक्रेटरींनी बारा वार भरले आणि वर आणखी हातभर मागे सरकले, कारण डावरा चेंडू मागे ठेवायचा हे सगळ्यांना पाठ. मी हटून बसलो, पाटी बरोबर बारा वारांवरच बसेल. कारण विचारलं तर सांगेना. म्हाताऱ्याला भ्रम झाला असं पोस्टमास्तर मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हणाले. शेवटी माझ्या वयाकडे बघून मान्य केलं.

मोजणीनंतर भाषणाला उभा राहिलो तेव्हा सगळं सांगून टाकावं असं फार वाटलं. सगळं भांडण तिथल्या तिथे मिटलं असतं. पण ज्यानं तुझी चूक आयुष्यभर पोटात घातली, त्याच्या पोटातलं मी बाहेर काढणारा कोण? दोन शब्द बोललो आणि बसलो. पोस्टमास्तर अजून गर्वच म्हणतात, म्हणू देत.

पुढच्या रविवारी पाटी बसणार आहे. तू ये. दोरीचं टोक मी धरतो, फक्कीचा ठिपका तू मार, या वेळी त्याचा चेंडू होता तिथे.

लोभ आहे तेवढा राहू दे, त्याला तरी कात्री लावू नकोस.

तुझा,
दादा